काळे मोहरे हाती आले की काय खेळायचं? कॅरो-कान बचाव, सोप्या भाषेत

११ मे १९९७. न्यूयॉर्कमधल्या एका उंच इमारतीत गॅरी कास्पारोव्ह बसलाय. समोर आयबीएमचा डीप ब्लू हा संगणक. सहा डावांच्या सामन्यातला शेवटचा डाव, तोपर्यंत दोघांचे गुण सारखे. कास्पारोव्हकडे काळे मोहरे. संगणकाने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं आणि जगज्जेत्याने उत्तर म्हणून सी पट्टीतलं प्यादं फक्त एक घर सरकवलं.

ही ओपनिंग म्हणजे कॅरो-कान. बुद्धिबळातल्या सगळ्यात भक्कम बचावांमध्ये हिचं नाव घेतलं जातं. आणि तरीही त्या दिवशी कास्पारोव्ह एकोणिसाव्या चालीला डाव सोडून उठला. सामना ३.५ विरुद्ध २.५ असा यंत्राच्या नावावर गेला.

मग जिच्यात जगज्जेता तासाभरात आडवा झाला ती ओपनिंग नवशिक्याने का शिकायची? उत्तर त्या डावातच आहे, त्याच्याकडे येऊच. पण आधी तुमच्या-आमच्या डावांबद्दल बोलू.

काळ्याची अडचण नेमकी काय असते?

मोबाइलवर दहा मिनिटांचा डाव सुरू होतो. काळे मोहरे तुमच्याकडे. समोरचा ई४ खेळतो, तुम्ही ई५. मग त्याचा वजीर बाहेर येतो, उंट सी४ वर बसतो आणि चौथ्या चालीला एफ७ वर मात. पहिल्यांदा असं हरल्यावर माणूस यूट्यूबवर "सापळे" शोधायला लागतो. दहा सापळे पाठ करतो. समोरच्याने त्यातली एकही चाल खेळली नाही की पाचव्या चालीपासून पुन्हा अंधार.

पांढरा एक चाल पुढे असतो, म्हणून सुरुवातीला प्रश्न तो विचारतो आणि उत्तरं काळ्याला द्यायची असतात. अशा वेळी काळ्याला तीन गोष्टी हव्या असतात: पटाच्या मध्यावर आपलाही पाय रोवलेला असावा, मोहरे अडकून न पडता बाहेर यावेत आणि राजा लवकर सुरक्षित व्हावा. कॅरो-कान या तिन्ही गोष्टी देते, आणि त्यासाठी पाठांतर तुलनेने कमी लागतं. समोरच्याने वेगळी चाल खेळली तरी आपला बेत बहुतेक वेळा तोच राहतो, हा तिचा मोठा फायदा.

(ज्यांना चालींची लिपी माहीत नाही त्यांच्यासाठी: पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं तर डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्या ए, बी, सी अशा एचपर्यंत, आणि आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८. म्हणजे ई४ म्हणजे ई पट्टीतलं चौथं घर. मोहऱ्याचं नाव नसेल तर ती प्याद्याची चाल.)

नाव कुठून आलं?

दोन माणसांवरून. होरेशियो कॅरो हा जन्माने इंग्रज, पण त्याचं बहुतेक आयुष्य बर्लिनमध्ये गेलं. मार्कस कान व्हिएन्नाचा. १८८६ मध्ये 'ब्रुडरशाफ्ट' नावाच्या जर्मन नियतकालिकात या दोघांनी या बचावाचं विश्लेषण छापलं. त्याच्या आदल्या वर्षी, १८८५ मध्ये, हॅम्बुर्गच्या स्पर्धेत कानने जॅक मीझेस या तरुण खेळाडूला याच बचावाने २४ चालींत हरवलं होतं. तेव्हा कान साठी ओलांडलेला आणि मीझेस विशीतला. मीझेस पुढे हल्लेखोर खेळाडू म्हणून नावाजला. त्याच्यासारख्याला म्हाताऱ्याने सी६ खेळून गप्प केलं, ही या ओपनिंगची पहिली मोठी जाहिरात म्हणायला हरकत नाही.

सी६ का?

डाव असा सुरू होतो: १. ई४ सी६ २. डी४ डी५.

काळ्याला डी५ वर प्यादं आणून पांढऱ्याच्या ई४ ला आव्हान द्यायचं आहे. मग थेट पहिल्याच चालीला डी५ का नाही? तसंही खेळतात. पण मग पांढरा ते प्यादं मारतो, काळ्याचा वजीर परत मारायला बाहेर येतो आणि लगेच पांढऱ्याचा घोडा सी३ वर येऊन वजिराला हाकलतो. सी६ आधी खेळलं की डी५ ला प्याद्याचा जोर मिळतो. पांढऱ्याने मारलं तर प्याद्याने मारायचं, वजिराला घराबाहेर पडावं लागत नाही.

दुसरा पर्याय ई६ खेळून डी५ ला जोर द्यायचा. ती फ्रेंच ओपनिंग. तीही चांगलीच आहे, पण तिच्यात काळ्याचा सी८ वरचा उंट ई६ च्या प्याद्यामागे कोंडला जातो. कित्येक डावांत तो पंचवीस चालींपर्यंत तसाच बसून राहतो, घरातल्या बंद पडलेल्या फ्रीजसारखा. कॅरो-कानमध्ये हा उंट आधी बाहेर काढायचा आणि मगच ई६ खेळून दार लावायचं. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: आधी उंट बाहेर, मग ई६.

किंमत काय मोजावी लागते? दोन गोष्टी. बी८ च्या घोड्याचं सगळ्यात चांगलं घर सी६, तिथे आता प्यादं बसलंय. आणि पुढे सी५ खेळायची वेळ येतेच, तेव्हा हे प्यादं दोन हप्त्यांत दोन घरं जातं, म्हणजे एक चाल जास्त खर्च होते. आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादं साधारणपणे एकेक घरच सरकायचं, त्यामुळे आजोबांच्या पिढीला ही चाल अगदी ओळखीची वाटली असती.

पांढरा काय काय करू शकतो

तिसऱ्या चालीला पांढऱ्याच्या ई४ वर मार आहे. त्याच्याकडे ढोबळमानाने तीन रस्ते आहेत: प्याद्याला घोड्याचा जोर द्यायचा, प्यादं पुढे ढकलायचं किंवा प्यादं मारून टाकायचं.

प्यादं पुढे ढकललं तर: ३. ई५

याला ॲडव्हान्स म्हणतात. ऑनलाइन डावांत ही चाल वारंवार भेटते, म्हणून हिला जास्त वेळ देऊ.

उत्तर: ३... उंट एफ५. उंट बाहेर आला. साधारणपणे पुढे ४. घोडा एफ३ ई६ ५. उंट ई२ सी५. आता पटाकडे बघा. पांढऱ्याची डी४ आणि ई५ ही दोन प्यादी साखळीसारखी उभी आहेत. साखळीच्या टोकावर डोकं आपटण्यात अर्थ नसतो, तिच्या पायावर घाव घालायचा असतो. इथे पाया म्हणजे डी४, आणि सी५ ही चाल त्याच पायावर घाव घालते. नंतर बी८ चा घोडा सी६ वर येतो, वजीर बी६ वर येऊ शकतो, आणि सगळ्यांची नजर डी४ वर.

जी८ च्या घोड्याला मात्र एफ६ मिळत नाही, कारण तिथे ई५ च्या प्याद्याचा मार आहे. मग तो ई७ वर जातो आणि तिथून एफ५ वर किंवा जी६ वर. एफ५ वर उंट बसलेला असतो, तेव्हा आधी उंटाची बदलाबदली होऊ द्या किंवा त्याला जी६ वर घ्या. सुरुवातीला हे अवघडल्यासारखं वाटतं. चार-पाच डावांनंतर हात सरावतो.

आता या प्रकारातला धोका. चौथ्या चालीला पांढरा शांतपणे घोडा न काढता ४. एच४ खेळतो. दिसायला निरर्थक चाल. तुम्ही सवयीने ई६ खेळता. आणि मग: ५. जी४, उंट पळतो ई४ वर. ६. एफ३, उंट जी६ वर. ७. एच५ आणि उंट अडकला. मागे एच७ वर तुमचंच प्यादं, पुढे एफ५ वर गेला तर जी४ चं प्यादं मारणार. सात चालींत एक अख्खा उंट गेला.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. एका छोट्या खुल्या स्पर्धेत, समोर बारा-तेरा वर्षांचा मुलगा, आणि मी चौथ्या चालीला ई६ खेळून पाणी प्यायला उठलो. परत आलो तेव्हा जी४ झालेलं होतं आणि मुलगा छताकडे बघत बसला होता. एच४ दिसलं की एच५. इतकं पुरतं. प्यादं एच५ वर उभं राहिलं की जी४ सहज होत नाही आणि उंटाला श्वास घ्यायला जागा राहते.

उंट बाहेर गेल्यावर आणखी एक घर उघडं पडतं ते बी७. तिथल्या प्याद्याला आता उंटाचा जोर नाही. पांढरा वजीर बी३ वर आणून त्याच्यावर डोळा ठेवतो. तुमचा वजीर बी६ किंवा सी७ वर आणला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. पण पांढऱ्याचा वजीर बी३ वर जाऊ शकतो हे प्रत्येक चालीआधी बघायची सवय लावा. कॅरो-कान खेळणाऱ्याचा पहिल्या महिन्यातला अर्धा पराभव बी७ वरून सुरू होतो, असं मी स्वतःच्या डावांवरून म्हणेन.

घोड्याने जोर दिला तर: ३. घोडा सी३

हा जुना, अभिजात प्रकार. इथे काळा मारतो: ३... डी×ई४ ४. घोडा×ई४. आता निवड तुमची.

पहिली निवड ४... उंट एफ५. घोड्यावर मार करत उंट बाहेर. मुख्य रस्ता असा: ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४ एच६. सहावी चाल विसरायची नाही. पांढऱ्याला एच५ खेळून उंट पकडायचाय, आणि एच६ मुळे त्याला एच७ वर माघारी जायला घर मिळतं. पुढे ७. घोडा एफ३ घोडा डी७ ८. एच५ उंट एच७ ९. उंट डी३ उंट×डी३ १०. वजीर×डी३ ई६. उंटाची बदलाबदली झाली, ई६ खेळून दार लावलं, आता घोडा एफ६ वर आणायचा, काळ्या घरांचा उंट ई७ वर आणायचा, कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात न्यायचा आणि मग सी५ खेळून मध्य मोकळा करायचा. काळ्याच्या प्याद्यांत कुठेही भगदाड नाही. पांढऱ्याला थोडी जास्त जागा आहे, एच५ वर पुढे गेलेलं प्यादं आहे, पण शेवटाकडे तेच प्यादं त्याला सांभाळत बसावं लागतं. अनातोली कार्पोव्हने वर्षानुवर्षं असे डाव खेळले. बघायला कंटाळवाणे वाटतात. समोर बसणाऱ्याला विचारा.

दुसरी निवड ४... घोडा एफ६, आणि ५. घोडा×एफ६ शह, ई×एफ६. गेल्या काही वर्षांत ही चाल मोठ्या खेळाडूंमध्येही लोकप्रिय झाली आहे. एफ पट्टीत दोन प्यादी एकामागे एक आली, दिसायला बरं नाही, पण राजाभोवती भिंत जाड होते, उंट डी६ वर, राजा कोपऱ्यात, हत्ती ई८ वर. सगळं आपोआप घडतं. शिकायला हा प्रकार सगळ्यात सोपा आहे आणि कमी वेळ असलेल्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत. एकच पथ्य: सगळे मोहरे मारून फक्त प्याद्यांचा शेवट होऊ देऊ नका. जोडप्याद्यांमुळे उजव्या बाजूला तुमची चार प्यादी मोकळं, पुढे धावणारं प्यादं सहज तयार करू शकत नाहीत, आणि पांढऱ्याला मात्र डाव्या बाजूला ते करता येतं. मोहरे पटावर असू द्या.

तिसरी निवड ४... घोडा डी७. कास्पारोव्हची निवड. चाल चांगली आहे, पण तिच्या वाटेवर दोन विहिरी आहेत.

पहिली विहीर: ५. वजीर ई२. तुम्ही नेहमीसारखं ५... घोडा जी८ वरून एफ६ वर आणता, आणि ६. घोडा डी६ मात! ई७ चं प्यादं त्या घोड्याला मारू शकत नाही, कारण ई पट्टीत पांढरा वजीर उभा आहे आणि प्यादं हललं तर राजा उघडा पडतो. बाकी सगळीकडून राजा स्वतःच्याच मोहऱ्यांनी वेढलेला. सहा चालींत खेळ खलास.

दुसरी विहीर म्हणजे तो न्यूयॉर्कचा डाव. ५. घोडा जी५ घोडा एफ६ ६. उंट डी३ ई६ ७. घोडा एफ३. इथे काळ्याने आधी उंट डी६ वर आणायला हवा. कास्पारोव्हने त्याऐवजी ७... एच६ खेळून घोड्याला हुसकवायला घेतलं. घोडा मागे गेला नाही. ८. घोडा×ई६! घोड्याचं बलिदान. ही चाल डीप ब्लूच्या टीमने यंत्राच्या ओपनिंग संग्रहात आधीच भरून ठेवलेली होती. घोडा मारल्यावर पांढऱ्याचा उंट जी६ वरून शह देतो, काळ्याचा राजा डी८ वर सरकतो आणि तिथून पुढे त्याचं कॅसलिंग कायमचं गेलं. मोहरे एकमेकांच्या पायात अडकले, अठराव्या चालीला वजीर गेला, एकोणिसाव्याला डाव संपला.

म्हणजे कास्पारोव्ह कॅरो-कानमुळे हरला नाही. एका प्रकारातल्या दोन चालींचा क्रम बदलल्यामुळे हरला. नवशिक्यासाठी यातला अर्थ अगदी व्यावहारिक आहे: घोडा डी७ चा प्रकार सध्या बाजूला ठेवा. उंट एफ५ किंवा घोडा एफ६ खेळा, तिथे अशा विहिरी कमी आहेत.

प्यादं मारलं तर: ३. ई×डी५ सी×डी५

इथे दोन उपप्रकार.

४. उंट डी३ हा शांत प्रकार. पांढऱ्याला तुमचा उंट एफ५ वर येऊ द्यायचा नाही. तुम्ही ४... घोडा सी६ (आता ते घर मोकळं झालंय), ५. सी३ घोडा एफ६ ६. उंट एफ४ उंट जी४. उंट एफ५ ऐवजी जी४ वर गेला, पण बाहेर गेला. ७. वजीर बी३ खेळून पांढरा पुन्हा बी७ कडे बघतो, तेव्हा वजीर डी७. पुढे काळ्याचा बेत डाव्या बाजूला: सी पट्टीत हत्ती आणायचा, बी प्यादं बी५ आणि बी४ असं पुढे न्यायचं आणि पांढऱ्याच्या सी३ प्याद्याला कमकुवत करायचं. सोपा दिसतो म्हणून या प्रकाराला हसू नका. १९७० मध्ये बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा सामना झाला, त्यात बॉबी फिशरने हाच प्रकार खेळून टिग्रान पेट्रोस्यानसारख्या बचावाच्या बादशहाला हरवलं होतं.

४. सी४ हा चढाईचा प्रकार, सोव्हिएत खेळाडू वसिली पानोव्हच्या नावाने ओळखला जातो. ४... घोडा एफ६ ५. घोडा सी३ ई६ ६. घोडा एफ३ उंट ई७. हो, इथे आपण आपलाच नियम मोडतोय, उंट बाहेर न काढता ई६ खेळतोय. कारण इथे डी५ ला जोर देणं जास्त महत्त्वाचं आहे. उंट नंतर बी६ खेळून बी७ वर काढता येतो. पुढे ७. सी×डी५ घोडा×डी५ झालं की पांढऱ्याचं डी४ चं प्यादं एकटं पडतं, शेजारी सी पट्टीत आणि ई पट्टीत त्याला जोर द्यायला प्यादं नाही. तुमचा घोडा त्याच्या नाकासमोर डी५ वर बसवा. तो तिथे बसला की प्यादं पुढे सरकत नाही. पांढऱ्याचे मोहरे मोकळे असतात, तो राजावर हल्ला करायला बघेल. हल्ला थोपवा, मोहरे बदलत जा. जितके मोहरे कमी, तितकं ते एकटं प्यादं पांढऱ्याला जड.

वाटेत भेटणारे इतर लोक

काही पांढरे खेळाडू मुख्य रस्त्याने येतच नाहीत.

२. उंट सी४, म्हणजे तीच ती एफ७ वर मात करायची इच्छा. तुम्ही डी५. प्याद्याचा मार थेट उंटावर. त्याने मारलं तरी तुम्ही सी प्याद्याने परत मारता आणि उंटाला पुन्हा हलावं लागतं. मध्यावर तुमचं प्यादं आणि त्याच्या चाली वाया. चार चालींच्या मातीची भीती इथे संपते. २. वजीर एच५ आलं तर घोडा एफ६, वजिराला हलावंच लागतं.

३. एफ३ ही थोडी विचित्र चाल, तिला फँटसी म्हणतात. ३... ई६ खेळून शांत राहा. साहस करायचं असेल तर ३... डी×ई४ ४. एफ×ई४ ई५, आणि पांढऱ्याने हावरटपणे ५. डी×ई५ केलं तर ५... वजीर एच४ शह! जी३ खेळून अडवलं तर वजीर ई४ चं प्यादं शह देत मारतो आणि त्याच वेळी एच१ च्या हत्तीवरही मार. मजा येते, पण समोरच्याला ५. घोडा एफ३ माहीत असेल तर डाव धारदार होतो.

आणि सगळ्यात फसवा प्रकार: २. घोडा सी३ डी५ ३. घोडा एफ३. डी४ अजून खेळलेलं नाही, दोन्ही घोडे बाहेर. तुम्ही सवयीने ३... डी×ई४ ४. घोडा×ई४ उंट एफ५ ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४ एच६ असं खेळता. हुबेहूब मघाचंच. पण फरक आहे. डी४ न खेळल्यामुळे वाचलेली चाल पांढरा आता वापरतो: ७. घोडा ई५! उंट एच७ वर जातो, ८. वजीर एच५, एफ७ वर मातीची धमकी. तुम्ही जी६ खेळून वजिरावर मार करता, आणि ९. उंट सी४. वजीर मारला तर उंट×एफ७ मात. ई६ खेळून मात टाळता येते, पण वजीर ई२ वर परततो आणि काळ्याची प्यादी खिळखिळी झालेली असतात. तेव्हा इथे वेगळं खेळायचं: ३... उंट जी४. ४. एच३ आलं तर उंटाने घोडा मारा, वजीर परत मारेल, मग ई६ खेळून भक्कम बसा.

हीच चाल मिखाईल बोट्विनिकने १९५८ मध्ये वापरली. आदल्या वर्षी वसिली स्मिस्लोव्हने त्याच्याकडून जगज्जेतेपद काढून घेतलं होतं. परतीच्या सामन्यात बोट्विनिक पहिल्याच डावात कॅरो-कान घेऊन आला. स्मिस्लोव्हने त्याची तयारीच केली नव्हती. पहिले तिन्ही डाव बोट्विनिकने जिंकले, त्यातले पहिला आणि तिसरा काळ्या मोहऱ्यांनी, याच बचावात. शेवटी सामना १२.५ विरुद्ध १०.५ असा त्याच्याकडे परत आला. दोन वर्षांनी मिखाईल ताल नावाच्या वादळाने त्याला पुन्हा हरवलं, आणि १९६१ मध्ये त्याने तालकडूनही किताब १३ विरुद्ध ८ असा परत घेतला. तेव्हाही राजाच्या प्याद्याला त्याचं मुख्य उत्तर कॅरो-कानच होतं. पन्नाशीच्या घरातल्या माणसाने विशीतल्या हल्लेखोराला रोखायला हे हत्यार निवडलं, यावरून तिचा स्वभाव कळतो.

तोटे आहेतच

पटापट जिंकायचं असेल तर ही ओपनिंग तुमच्यासाठी नाही. पांढऱ्याने ठरवलं तर तो डाव बराच शांत करू शकतो आणि मग तुम्हाला हळूहळू, लहान फायदे गोळा करत जिंकावं लागतं. शेवटाचा खेळ कच्चा असेल तर बरोबरीचे डाव हातातून जातील. सिसिलियन खेळणाऱ्या मित्राचे डाव बघून तुम्हाला कधीकधी हेवा वाटेल. तो दहा डावांत सहा वेळा आगीत उडी मारतो. मात्र उरलेल्या चार वेळी काय होतं तेही बघत जा.

आणि एक स्पष्टच सांगतो. नवशिक्या पातळीवर डाव ओपनिंगमुळे क्वचितच हरतात. ते फुकट दिलेल्या घोड्यामुळे हरतात. कॅरो-कान तुम्हाला बारा-तेरा चाली नीट पोहोचवेल, त्यापुढे समोरच्याच्या प्रत्येक चालीनंतर "याला आता काय मारायचंय?" हा प्रश्न तुम्हालाच विचारायचाय.

सराव कसा करायचा

सगळे प्रकार एकदम नको. पहिल्या आठवड्यात फक्त ॲडव्हान्स, एच४ च्या सापळ्यासकट. मग घोडा सी३ ला ४... घोडा एफ६. मारामारीचा प्रकार तिसरा. लिचेसवर ओपनिंग एक्सप्लोरर फुकट आहे, तिथे सी६ खेळल्यावर तुमच्या पातळीचे लोक पुढे काय खेळतात ते दिसतं. डाव हरल्यावर इंजिन लावायच्या आधी एकदा स्वतः शोधा: मी नेमका कितव्या चालीला गोंधळलो? ती चाल वहीत लिहा. पंधरा-वीस डावांनंतर वही बघितलीत तर तेच दोन-तीन गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतील. माझ्या वहीत सलग अकरा वेळा "बी७" लिहिलेलं आहे.

दहा मिनिटांचे किंवा त्याहून लांबचे डाव खेळा. तीन मिनिटांच्या डावात ओपनिंग शिकता येत नाही, फक्त बोटं शिकतात.

आणि समोरच्याने ई४ खेळलंच नाही तर?

कॅरो-कान फक्त ई४ ला उत्तर आहे. १. डी४ आलं तर तिची सख्खी बहीण खेळा, स्लाव्ह: १. डी४ डी५ २. सी४ सी६. तेच सी६-डी५, तीच भिंत, आणि सी८ चा उंट बाहेर काढायची तीच इच्छा. फक्त इथे घाई करून चालत नाही. ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३ नंतर लगेच उंट एफ५ खेळलात तर पांढरा डी५ वर मारामारी करून वजीर बी३ वर आणतो, आणि पुन्हा तेच बी७. म्हणून आधी ४... डी×सी४ मारायचं, ५. ए४ झालं की मग उंट एफ५. प्यादं परत मिळवायला पांढऱ्याला वेळ लागतो, तेवढ्यात तुमचा उंट बाहेर पोहोचलेला असतो आणि त्यामागोमाग ई६.